हनुवटीवर, ओठावर जाड केस येऊन रायले? रेझरच्या आधी पाळीचं कॅलेंडर काढा

उन्हाळ्यात आपल्याकडे तोंडाला स्कार्फ बांधला तर कोणाला काही वाटत नाही, पण पाणी सुरू झालं तरी, वर्गात बसली तरी, लग्नाच्या मांडवात पण जी पोरगी स्कार्फ सोडत नाही तिचं काय चालू असते ते मला समजते. मी उपकेंद्रात नर्स आहे. अशा पोरी येतात, पहिले डोकं दुखते म्हणतात, मग अशक्तपणा वाटते म्हणतात, आणि बाकीच्या बाया उठून गेल्या की हळूच स्कार्फ खाली करून हनुवटी दाखवतात. हे त्यांच्यासाठी लिहून रायली, त्यांच्या मायसाठी पण, आणि ज्या बाया दोन लेकरं झाल्यावरही पहाटे सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीत रेझर फिरवतात आणि नवऱ्याले सुद्धा माहीत पडू देत नाहीत त्यांच्यासाठी पण.

पार्लरवाली, मेडिकलवाला आणि शेजारची काकू, हे तिघंही तुम्हाला चेहऱ्यापासून सुरुवात करायला लावतात. माझं म्हणणं उलटं आहे, सुरुवात पाळीपासून करा. असे केस बहुतेक वेळा हार्मोनच्या गडबडीमुळे येतात, आणि ती गडबड ओळखायची पहिली तपासणी फुकट आहे, घरच्या घरी होते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर होते. पण त्याच्याही आधी एक काम.

केस नेमके कुठे आहेत ते पाहा

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, दार लावून आरशात पाहा. ओठाच्या वर, हनुवटी, छातीच्या मधोमध आणि स्तनाग्राच्या भोवती, बेंबीच्या वर, बेंबीच्या खाली, दंड, मांड्या, पाठीचा वरचा भाग आणि कमरेच्या मागचा भाग. ह्या नऊ जागा महत्त्वाच्या, कारण पुरुषांना जिथे जाड केस येतात त्या ह्याच. डॉक्टर लोक एकेका जागेला ० ते ४ मार्क देतात, सगळे मिळून ३६ होतात, त्याला फेरीमन-गॅलवे स्कोर म्हणतात, १९६१ मध्ये ही पद्धत आली आणि मग तिच्यात सुधारणा झाली. साधारण ८ च्या वर गेलं की केस जास्त आहेत असं धरतात, काही डॉक्टर त्याहून कमी मार्कांवरही तपासण्या सांगतात, आणि ते बरोबरच आहे, कारण मार्क कमी पण सगळेच्या सगळे हनुवटीवर असले तर त्या पोरीला त्रास कमी थोडीच होते.

आता दोन गोष्टींत गल्लत करू नका. मऊ, बारीक, फिकट असते ती लव, ती सगळ्यांनाच असते आणि तिचा हार्मोनशी संबंध नाही. जाड, काळा, हाताला टोचणारा केस वेगळा. आणि कोपराच्या खाली हातावर आणि पोटरीवर केस जास्त असले तर ते बहुतेक वेळा घरातूनच येतात, आईला, मावशीला, आत्याला असतात तसेच, त्यासाठी दवाखाना गाठायची गरज नाही. केस अंगभर सगळीकडे वाढले तर ते प्रकरण पुरुषी केसांपेक्षा वेगळं, त्याच्यात बऱ्याच वेळा एखादं औषध कारण निघते.

दवाखान्यात जायचं ठरलं असेल तर शक्य असेल तर तीन-चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग करू नका. मला माहीत आहे हे किती जड जाते. नसेल होत तर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरला सांगा की मी दर आठवड्याला काढते, नाहीतर डॉक्टर साफ चेहरा पाहून म्हणतील काही नाही ना.

हे होते कशामुळे

पुरुषी हार्मोन, म्हणजे अँड्रोजन, त्यातलं मुख्य टेस्टोस्टेरॉन, हे प्रत्येक बाईच्या शरीरात थोडं असतेच. अंडाशयात बनते आणि किडनीच्या वरच्या टोकाला बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत बनते. ते वाढलं, किंवा वाढलं नाही पण कातडीच त्याला जास्त दाद द्यायला लागली, की लवेचं मूळ हळूहळू जाड केसाचं मूळ होऊन बसते. एकदा ते जाड झालं की औषधानं हार्मोन खाली आणलं तरी ते मूळ एका रात्रीत परत लव होत नाही, म्हणून उपचाराला महिने लागतात. आणि नुसते वरवर केस काढत राहणं म्हणजे बांधावरचं गाजरगवत इळ्यानं कापण्यासारखं, बी तिथेच राहते.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण पीसीओएस, म्हणजे अंडाशयाची आणि हार्मोनची गडबड, ज्याला आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात. जास्त केस असलेल्या दहा बायांमधल्या सात-आठ जणींचं कारण हेच निघते. ह्याच्यात पाळी लांबते, अँड्रोजन वाढते, पिंपल्स येतात, डोक्यावरचे केस मधल्या भांगात विरळ होतात. आणि बऱ्याच जणींत मुळाशी इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आवरणारं हार्मोन असते, शरीर इन्सुलिनला नीट ऐकत नाही म्हणून ते जास्त बनते, ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजन बनवायला लावते, आणि लिव्हरमध्ये एक प्रोटीन बनते जे टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवते, एसएचबीजी त्याचं नाव, ते पण कमी करून टाकते. म्हणजे मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन दोन्हीकडून वाढते.

मान पाहा. मानेच्या मागे, काखेत, कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर ती मळ नाही. किती तरी माया मी पाहिल्या ज्या पोरीच्या मानेवर घासणीनं, बेसनानं, लिंबानं घासून घासून कातडी सोलून टाकतात आणि वरून बोलतात, आंघोळ नीट करत नाही म्हणून. ती इन्सुलिनच्या गडबडीची खूण आहे, घासून जाणार नाही, रक्तातली साखर तपासायची आहे तिची.

आता कॅलेंडर

पाळी आली त्या तारखेवर गोल करा आणि जितके दिवस रक्त गेलं तितक्या दिवसांवर रेघ ओढा. घरात सगळ्यांसमोर नको वाटते तर वहीत लिहा, मोबाईलमध्ये लिहा, पण लिहा. आठवणीवर जाऊ नका, कारण मी विचारलं की पाळी कधी येते, तर दहातल्या नऊ जणी म्हणतात "बरोबर येते वो सिस्टर", आणि मग तारखा विचारल्या की समजते पोळ्याच्या वेळी आली होती ती नंतर दिवाळीलेच आली.

मोठ्या बाईची पाळी २१ ते ३५ दिवसांत यावी. वर्षभरात आठपेक्षा कमी वेळा आली तर ती अनियमित. नव्या पोरींचं थोडं वेगळं आहे, पहिल्या वर्षी मागेपुढे होणं नॉर्मल आहे, पुढची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंत लांबली तरी चालते, तिसऱ्या वर्षानंतर मात्र ३५ चा हिशोब लावायचा. म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षीच्या पोरीला एखाद वेळा दीड महिन्यानं पाळी आली की लगेच पीसीओडीचा शिक्का मारून घेऊ नका. पण कोणत्याही वयात तीन महिने पाळी आलीच नाही (आणि दिवस गेलेले नाहीत) तर थांबायचं नाही. एखाद वेळा डॉक्टर गोळी देऊन पाळी आणतात, ते बायांना फालतू वाटते, "नाही येत ते बरंच आहे, निंदणाच्या दिवसात कटकट नाही" म्हणतात. बरं नाहीये ते. आतलं अस्तर महिनोनमहिने जाड होत राहिलं तर पुढे जाऊन गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढते.

पाळी अगदी घड्याळाप्रमाणे येते आणि तरी केस जास्त, असंही असते. कधी कधी पाळी येते पण अंडं सुटत नाही. आणि काही जणींचे सगळेच रिपोर्ट नॉर्मल येतात, तिथे कातडीच थोड्या हार्मोनला जास्त दाद देत असते. रिपोर्टात काही निघालं नाही म्हणजे तुमच्या मनाचे खेळ आहेत असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, त्याच्यावरही तेच उपचार चालतात.

घरातल्या ट्यूबा आणि गोळ्या काढून समोर ठेवा

हा भाग मी जास्त लिहिणार आहे कारण गावात हेच सगळ्यात जास्त पाहते.

गोरं व्हायची ट्यूब. लग्न ठरलं की मेडिकलमधून आणतात, मैत्रिणीनं सांगितली म्हणून आणतात, पार्लरवाली क्रीममध्ये मिसळून देते. पहिले पंधरा दिवस चेहरा असा उजळतो की घरचे पण विचारतात काय लावते. मग कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, वावरात गेलं की चेहऱ्याची आग होते, पिंपल्स येतात आणि गालावर, कानाच्या पुढे केस वाढतात. लावणं बंद केलं की दोन दिवसांत चेहरा लाल होऊन सुजते, म्हणून परत लावतात, आणि असे वर्षं जातात. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. ट्यूब हातात घेऊन उजेडात पाहा, मोठ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही लिहिलं आहे का, सोबत बऱ्याच वेळा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन पण असते, आणि बाजूला लाल रेघ असली म्हणजे ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे, पावडर-टिकलीसारखं विकत आणायचं नाही. अक्षरं इंग्रजीत असतात, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला लावा किंवा ट्यूबच घेऊन आशाताईकडे या. सापडलं तर कातडीच्या डॉक्टरला दाखवून बंद करा, बंद केल्यावर जो भडका येते त्याच्यासाठी ते दुसरं औषध देतात. ह्या केसांसाठी हार्मोनच्या टेस्टवर पैसे घालायच्या आधी ट्यूब बंद करणं जास्त कामाचं.

दुसरं, पुड्या आणि सुया. गुडघे दुखतात, दमा आहे, अंग दुखते म्हणून बिननावाची पुडी, नाहीतर गावात येणाऱ्या माणसाकडून दर आठवड्याला सुई. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकते. चेहरा गोल फुगते, पोट वाढते, हातपाय मात्र बारीक होतात, पोटावर बोटभर रुंद जांभळ्या रेघा पडतात, जरासं लागलं की काळंनिळं होते, बीपी आणि शुगर वाढते, आणि चेहऱ्यावर केस. ह्याला कुशिंग म्हणतात. काही जणींत बाहेरचं स्टेरॉइड नसतानाही शरीरातच जास्त बनून हे होते. एक गोष्ट फार लक्षात ठेवा, बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असाल तर एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकते, डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

तिसरं, फिटच्या गोळ्या. व्हॅलप्रोएट नावाची गोळी चालू असलेल्या पोरींमध्ये पीसीओएससारखी लक्षणं येतात. गोळी स्वतःहून सोडायची नाही, फिट आली चुलीजवळ, विहिरीजवळ तर काय होईल विचार करा. पण डॉक्टरला विचारायचं की बदलता येईल का, कारण हे औषध पोटातल्या बाळालाही घातक आहे आणि लग्नाच्या वयाच्या पोरीला ते आधीच माहीत असायला पाहिजे.

वाट पाहायची नाही अशा गोष्टी

केस वर्षानुवर्षं हळूहळू वाढले तर घाबरायचं काही नाही. पण दोन-चार महिन्यांत भराभर वाढले, आवाज जाड झाला, फोनवर लोक भाऊ म्हणायला लागले, पुरुषासारखं कपाळ मागे सरकलं, दंड-खांदे आपोआप भरले, लघवीच्या जागेवरचा दाणा मोठा झाला, तर त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जा. अंडाशयात किंवा ॲड्रिनलमध्ये हार्मोन बनवणारी गाठ असू शकते. क्वचित असते, पण असली तर लवकर काढलेली बरी.

पाळी बंद झालेल्या बायांना हनुवटीवर चार-दोन जाड केस येणं साधी गोष्ट आहे, चिमट्यानं काढा. पण पाळी जाऊन वर्षं झाली आणि आता एकाएकी दाढीच यायला लागली, तर "म्हातारपणी होतेच" म्हणून सोडू नका, दाखवा. आणि स्तनातून दूध येते, लेकरू पीत नसताना, तर ते पण सांगायचं, त्याच्यात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन तपासतात.

कुठे जायचं, काय बोलायचं

पीएचसीमध्ये, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरुवात होते, वजन, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन तिथे होते. दहा ते एकोणीस वर्षांच्या पोरींसाठी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात मैत्री क्लिनिक असते, तिथे गर्दीत सगळ्यांसमोर बोलावं लागत नाही. हार्मोनच्या सगळ्या टेस्ट लहान ठिकाणी होत नाहीत, त्यासाठी जिल्ह्याचं स्त्री रुग्णालय नाहीतर मेडिकल कॉलेज. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगी, नागपूरला मेडिकल, मेयो आणि एम्स. पाळीचीही गडबड असेल तर स्त्रीरोगची चिठ्ठी काढा, पाळी नीट आणि फक्त केस-पिंपल्स असतील तर त्वचा विभागाची. दोघंही एकमेकांकडे पाठवतात, घाबरू नका. एसटीचा एक अख्खा दिवस जाते, म्हणून सकाळी उपाशीपोटीच निघा, डबा सोबत ठेवा, म्हणजे रक्त त्याच दिवशी देता येईल.

आत गेल्यावर पोरी गप्प बसतात आणि माय बोलते, आणि माय पण केसांचं सोडून सगळं बोलते. म्हणून पाठ करून जा, असं: "डॉक्टर, माझ्या हनुवटीवर आणि छातीवर जाड केस येतात, दोन वर्षांपासून हळूहळू वाढले, आठवड्यातून एकदा काढते, पाळी दोन-दोन महिने येत नाही, ह्या तारखा, घरी ही ट्यूब आणि ह्या गोळ्या चालू आहेत." अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि अर्धं निदान त्यातच होऊन जाते. घरात कोणाला असे केस आहेत, कोणाला शुगर आहे, आईवडील नात्यातले आहेत का हे पण सांगा. मामे-आते नात्यात लग्न झालेल्या घरांत एक जन्मजात प्रकार जास्त दिसू शकते, ॲड्रिनलमध्ये एक एन्झाइम कमी पडते आणि त्याची लक्षणं वयात आल्यावरच दिसतात, हुबेहूब पीसीओडीसारखी. ते औषधानं आवरते, पण तपासलं तरच सापडते.

बाई डॉक्टर हवी असेल तर चिठ्ठी काढतानाच विचारा, त्यात लाजायचं काय.

टेस्टचं थोडक्यात. टोटल टेस्टोस्टेरॉन, थायरॉइडची टीएसएच, प्रोलॅक्टिन, उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची शुगर, आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, हीच शेवटची त्या जन्मजात प्रकारासाठी, ती सकाळी लवकर आणि पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात द्यायची. पाळी चुकली असेल तर सगळ्यात आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, लग्न झालेलं असो नसो. केस भराभर वाढले असतील तर डीएचईए-एस पण, ते ॲड्रिनलमधलं हार्मोन आहे. टेस्टोस्टेरॉन २०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या वर आलं तर डॉक्टर गाठ शोधायला लागतात. पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन खोटं कमी दिसते, म्हणून गोळ्या चालू आहेत हे रक्त द्यायच्या आधी सांगा. केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या पण दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्यानं हार्मोनचे आकडे चुकतात.

सोनोग्राफीची भीती फार आहे. लग्न न झालेल्या पोरीची तपासणी भरपूर पाणी पाजून पोटावरूनच करतात, खालून करत नाहीत. आणि पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर पीसीओएस ठरवायला सोनोग्राफीची गरजच नाही, त्या वयात निरोगी पोरींच्या अंडाशयातही तशाच बारीक पिशव्या दिसतात. रिपोर्टमध्ये "सिस्ट" वाचून पोरीला गाठी झाल्या म्हणून अख्खं घर रडताना मी पाहिलं आहे. त्या गाठी नाहीत, अर्धवट वाढून थांबलेली अंडी आहेत, ऑपरेशन करून काढायची गोष्ट नाही ती. निदान तीन गोष्टींवर होते, पाळीची गडबड, अँड्रोजन जास्त (केस-पिंपल्स किंवा रक्तात), आणि सोनोग्राफी, ह्यातल्या कोणत्याही दोन असल्या आणि थायरॉइड वगैरे दुसरं कारण नसलं की पीसीओएस. २००३ मध्ये रॉटरडॅमला हे ठरलं आणि आजही तेच धरून चालतात. सोनोग्राफी नॉर्मल असूनही पीसीओएस असू शकते, हे त्यातच आलं.

औषधं

जिला सध्या लेकरू नको आहे तिला पहिलं औषध बहुतेक वेळा गर्भनिरोधक गोळ्याच असतात, दोन हार्मोनवाल्या. हे ऐकूनच माया उठून उभ्या राहतात, "लगन नाही झालं आन् ह्या गोया?" गोळीचं नाव काहीही असो, ती इथे अंडाशयाला शांत करून अँड्रोजन खाली आणायला दिलेली असते, पाळी वेळेवर आणते, आणि बंद केल्यावर पुढे लेकरू व्हायला तिची आडकाठी नाही. उपकेंद्रात फुकट मिळणाऱ्यांपैकी माला-एन ही दोन हार्मोनवाली आहे, छाया तशी नाही, आणि अंतरा ही सुई पण ह्या कामाची नाही, म्हणून आशाताईकडून जे मिळेल ते केसांसाठी सुरू केलं असं करू नका, कोणती हे डॉक्टरलाच ठरवू द्या.

आणि गोळी सुरू करायच्या आधी ह्या गोष्टी सांगाच, कोणी विचारो न विचारो. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया पट्ट्यात घरोघरी आहे, आणि सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला रक्त गोठायचा धोका आधीच जास्त, ही गोळी तो अजून वाढवते. निळं-पिवळं कसलंही सिकलसेलचं कार्ड असेल तर सोबत न्या. बीपी असेल, पायात रक्ताची गाठ झाली असेल, अर्धशिशीत डोळ्यासमोर चमचम होत असेल, बिडी ओढत असाल, खर्रा खात असाल, सगळं सांगा.

सहा महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही तर त्याला स्पायरोनोलॅक्टोन जोडतात, ते अँड्रोजनला केसाच्या मुळापाशी अडवते. ते चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होते. मेटफॉर्मिन शुगरसाठी आणि पाळीसाठी कामाचं आहे, केसांवर त्याचा फार भरवसा नाही, म्हणून मेटफॉर्मिन खाऊन केस गेले नाहीत म्हणून औषधच खोटं म्हणू नका. ज्यांना लेकरू पाहिजे त्यांचा रस्ताच वेगळा, त्यांनी ते पहिल्या वाक्यात सांगावं. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींना लेकरं होतात, काहींना अंडं सुटायच्या गोळ्या लागतात इतकंच. सोयरीक मोडेल म्हणून आजार लपवणं आणि सासरी गेल्यावर गोळ्या चोरून खाणं, ह्यानं पोरीचंच नुकसान होते, मी तर म्हणते ज्या घरात एका गोळीवरून सोयरीक मोडते ते घर आधीच समजलं ते बरं. "लगन झालं का सगळं आपोआप ठीक होते" हे पण खोटं आहे, हळद लागल्यानं हार्मोन बदलत नाही.

वजनाचं. ज्यांचं जास्त आहे त्यांनी पाच-दहा टक्के कमी केलं तरी पाळीत फरक दिसते, ७० किलोची बाई ६५ वर आली तरी. आपल्याकडच्या बायांची तक्रार असते की दिवसभर कापूस वेचतो, मग वजन वाढतेच कसं. वेचणीच्या दिवसांत जेवण बहुतेक भाताचं, चहा पाच-सहा वेळा साखरेचा, रात्री उशिरा पोटभर. ज्वारीची भाकर, तुरीचं किंवा मुगाचं घट्ट वरण, पालेभाजी, आणि चहातली साखर अर्धी, इतक्यापासून सुरू करा. आणि बारीक पोरींनाही पीसीओएस होते, तिला उपाशी ठेवू नका.

केस काढायचे कसे

औषध लागू पडेपर्यंत केस तर दिसणारच, मग काढा, बिनधास्त काढा. रेझरनं केस जाड होत नाहीत, संख्याही वाढत नाही, कापलेलं टोक बोथट असते म्हणून खुंट टोचते इतकंच. स्वतःचा वेगळा रेझर, साबणाचा फेस, केसाच्या दिशेनं, आणि घरातल्या कोणाचाही वापरायचा नाही. थ्रेडिंग चालते, पण हनुवटीवर वारंवार ओढून केस आत वाढतात आणि फोड येऊन काळे डाग पडतात, तसं झालं तर थांबा. केस काढायची क्रीम आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहा. हळद-बेसनानं लव थोडी निघते, जाड केस नाही निघत, आणि चुना, राख, लिंबू-साखर उकळून लावणं असले प्रकार करून चेहरा भाजलेल्या पोरी मी पट्टी करून पाठवल्या आहेत, ते करू नका.

लेझर चांगलं आहे पण सहा-आठ वेळा जावं लागते, आतलं हार्मोन तसंच ठेवलं तर नवे केस परत येतात, आणि पांढऱ्या केसांवर ते चालत नाही. आपल्या सावळ्या कातडीसाठी कोणती मशीन आहे ते विचारा, एनडी-याग किंवा डायोड असावी, आणि चालवणारा कातडीचा डॉक्टर असावा. त्याच्या आधी आणि नंतर काही आठवडे ऊन टाळायचं असते, म्हणजे दसरा ते संक्रांत वेचणीत असाल तर त्या दिवसांत सुरू करू नका, डाग पडतील. पांढऱ्या किंवा फिकट केसांना इलेक्ट्रोलिसिस आहे, एकेक मूळ जाळतात, वेळ फार लागते पण ते मूळ परत येत नाही.

रडू येणं, कोणात मिसळावंसं न वाटणं, झोप उडणं, हे पीसीओएसमध्ये जास्त दिसते, फक्त केसांमुळे नाही. हे पण आजारातच मोजायचं आणि त्याच डॉक्टरला सांगायचं. जीव नकोसा वाटत असेल तर टेलीमानस ह्या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिले तीन महिने काहीच दिसत नाही, बऱ्याच जणी इथेच सोडतात. केसाचं चक्रच तसं लांब असते, सहा महिन्यांच्या आत निकाल मागू नका. पहिल्या दिवशी एक फोटो, मग दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी, केस काढल्यावर तितकेच दिवस थांबून दुसरा. केस किती दिवसांनी काढावे लागतात ते कॅलेंडरवरच लिहा, पहिले तीन दिवसांनी लागत होते आता आठ दिवसांनी लागतात, म्हणजे औषध चालू पडलं. गोळ्यांचं पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच पुढचं आणा, पाणी-पावसात एसटी बंद पडते. पिंडरी दुखून सुजली, छातीत दुखलं, दम लागला, एकाएकी डोळ्याला दिसेनासं झालं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. आणि सहा महिन्यांनी फरक नसेल तर डॉक्टर बदलायच्या आधी त्याच डॉक्टरकडे कॅलेंडर आणि फोटो घेऊन जा, आणि दुसरं औषध जोडायचं का असं सरळ विचारा.